मदत हवी आहे: ड्यूसेनबर्ग जे की एसजे? (तातडीचं)

चाकोरीबाहेर: मंडळाच्या कॅलेंडरसाठी दोन ड्यूसेनबर्गचे (जुन्या अमेरिकन गाड्यांचे) फोटो आहेत. एक मॉडेल जे, दुसरी एसजे, पण कुठली कोणती? उद्या छपाईला जायचंय. एक थोडी आखूड दिसते. कृपया लवकर सांगा.

गॅरेजवाला: फोटो टाकल्याशिवाय काय सांगणार? बॉनेटमधून चकचकीत नळ्या बाहेर आल्यात का?

चाकोरीबाहेर: फोटो दुसऱ्याचे आहेत, इथे टाकता येत नाहीत. नळ्या आहेत, आखूड गाडीला.

गॅरेजवाला: मग तीच एसजे. १९३२ साली जेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, आला, त्याला जागा हवी म्हणून धूर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या बाहेर काढल्या. २६५ अश्वशक्तीची ३२० झाली. विषय संपला.

जुनं_लोखंड: संपला नाही. त्या नळ्या सुपरचार्जर नसलेल्या जे गाड्यांनाही बसवून मिळायच्या. दिसायला देखण्या, म्हणून लोक हौसेने लावून घेत. नळ्या बघून एसजे ठरवलीत तर जाणकार कॅलेंडर हातात घेऊन फोन करतील. लांबीवरही जाऊ नका. जेचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १४२.५ आणि १५३.५ इंच, दोन्ही मापांत मिळायचा. त्याहून आखूड, १२५ इंची, म्हणजे एसएसजे. त्या दोनच बनल्या, हॉलिवूडचे नट गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्याकडे होत्या.

माळवा: इंदूरच्या यशवंतराव होळकरांचीही एसजेच! चॅसी (खालचा सांगाडा) अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. कॅलेंडरमध्ये तीच घ्या ना, आपल्या लोकांना जवळची वाटेल.

गॅरेजवाला: प्रश्न तो नाहीये. आणि नळ्यांबद्दल मी म्हणतो ते बहुतेक वेळा बरोबरच निघतं.

जुनं_लोखंड: 'बहुतेक' छापायचं का कॅलेंडरवर?

पॅकार्डप्रेमी: मी तर म्हणतो पॅकार्ड ट्वेल्व्ह घ्या. बारा सिलिंडर, आवाज नाही. ड्यूसेनबर्गचं कौतुक उगाच जास्त होतं.

चाकोरीबाहेर: अहो, कॅलेंडरमध्ये ड्यूसेनबर्गच ठरलीय! कोणीतरी नक्की सांगा.

जुनं_लोखंड: फोटो कुठे काढले? समोर पाटी नव्हती? बॉनेट उघडा असलेला एखादा आहे का?

चाकोरीबाहेर: शिकागोजवळच्या कार-शोमधले. पाटीवर नुसतं 'ड्यूसेनबर्ग १९३३'. आखूड गाडीचा बॉनेट उघडा असलेला फोटो आहे, इंजिनाच्या बाजूला गोल डब्यासारखं काहीतरी दिसतंय.

जुनं_लोखंड: हे आधी सांगायचं! तो बहुधा सुपरचार्जर. तरी 'एसजे' छापू नका. कारखान्यातून निघालेल्या एसजे फार थोड्या, साधारण ३६. नंतर कित्येक मालकांनी जे गाड्यांना सुपरचार्जर चढवला. मूळचीच आहे का, ते इंजिन नंबर आणि गाडीचा इतिहास बघूनच कळतं. 'ड्यूसेनबर्ग मॉडेल जे, सुपरचार्जरसह' लिहा. दुसरीखाली नुसतं 'मॉडेल जे'.

गॅरेजवाला: दुसरीचा बॉनेट बंद असेल तर आत काय आहे कोणाला माहीत?

जुनं_लोखंड: म्हणूनच 'मॉडेल जे'. एसजे हीसुद्धा जेच असते, त्यामुळे चुकत नाही.

चाकोरीबाहेर: हेच पाठवतो. मनापासून आभार.

माळवा: पुढच्या वर्षी होळकरांची गाडी नक्की घ्या.