माडीवरच्या जुन्या डेस्कटॉपला यूएसबी वायफाय अडॅप्टर जोडला. तो आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि नंतर वेग मिळत नाही

माडीवरचा (प्रश्न)

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरात फायबरचा राउटर ओटीवर बसवलेला आहे आणि माझा डेस्कटॉप माडीवरच्या खोलीत आहे. घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून त्यांची जाडी दीड फुटाच्या आसपास भरते. संगणक जुना आहे : एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम आणि ६४ बिटचे विंडोज १०. त्याला अंगचे वायफाय नसल्यामुळे आजवर मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवत होतो.

मागील आठवड्यात मी नखाएवढा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा यूएसबी अडॅप्टर घेतला. त्याच्या खोक्यावर ‘६०० एमबीपीएस’ असे ठळक छापलेले आहे. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये तो लावल्यावर वायफायची खूण काही दिसली नाही. उलट ‘माय कॉम्प्युटर’मध्ये एक नवा सीडी ड्राइव्ह उगवला. त्यातील सेटअप चालवल्यावर वायफाय सुरू झाले, परंतु संगणक बंद करून पुन्हा चालू केला की कधी अडॅप्टर दिसतो, तर कधी पुन्हा तो सीडी ड्राइव्हच दिसतो. जोडणी झाली तरी वेग ६ ते ८ एमबीपीएसच्या वर जात नाही. माझा प्लॅन १०० चा आहे आणि त्याच खोलीत फोनवर ८५ ते ९० मिळतात. राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क यादीत क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. शिवाय दहा-पंधरा मिनिटे संगणकाला हात लावला नाही की जोडणी तुटते.

दुकानदाराचे म्हणणे असे की, जुन्या घरात रेंज मिळणारच नाही, मोठ्या अँटेनाचा महागडा अडॅप्टर घ्यावा. हा परत करून तो घेण्यात अर्थ आहे का, की माझ्याकडूनच मांडणीत काही चुकत आहे?

पत्र्याआड

अडॅप्टर परत करण्याची घाई करू नका. आपण चार तक्रारी एका दमात सांगितल्या आहेत, पण त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एकासाठीही नवी वस्तू घ्यावी लागेल असे मला वाटत नाही.

सीडी ड्राइव्हचे कोडे आधी सोडवू. अलीकडच्या अनेक अडॅप्टरांच्या पोटात ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) ठेवण्यापुरती थोडी साठवण असते, आणि पहिल्यांदा लावल्यावर ते स्वतःला मुद्दाम सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, जेणेकरून इंटरनेट नसलेल्या संगणकावरही ड्रायव्हर बसवता यावा. ड्रायव्हर नीट बसला की तोच त्या उपकरणाला सोंग उतरवायला लावतो आणि मग ते वायफाय अडॅप्टर म्हणून पुढे येते. आपल्याकडे हे सोंग कधी उतरते आणि कधी उतरत नाही, म्हणजे पोटातला ड्रायव्हर जुना तरी असावा किंवा अर्धवट बसलेला असावा. तात्पुरता उपाय म्हणून त्या ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून ‘इजेक्ट’ करून पाहा. बहुतेक वेळा काही सेकंदांत अडॅप्टर प्रकट होतो.

कायमचा उपाय योग्य ड्रायव्हरचा आहे, आणि तो खोक्यावरील नावावरून न शोधता आतल्या चिपवरून शोधावा, कारण एकाच नावाच्या अडॅप्टरमध्ये निर्माते मध्येच चिप बदलतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीआयडी’च्या (निर्मात्याच्या क्रमांकाच्या) पुढे ०बीडीए असेल तर चिप रिअलटेकची आहे. ‘पीआयडी’च्या (उपकरणाच्या क्रमांकाच्या) पुढे १ए२बी दिसले तर अडॅप्टर अजून सीडीच्या सोंगात आहे, आणि सी८११ दिसले तर ती ८८११सीयू ही चिप आहे. त्या क्रमांकाचा ड्रायव्हर अडॅप्टरच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवा, आधीचा ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीतही खूण करा आणि संगणक एकदा बंद-चालू करूनच नवा बसवा. या मधल्या काळात इंटरनेट कोठून आणायचे, असा प्रश्न पडेल. फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज १० फोनलाच नेटवर्क कार्ड समजते आणि वेगळे काही बसवावे लागत नाही.

आता वेग. खोक्यावरचे ६०० ही बेरीज आहे : २.४ गिगाहर्ट्झवरचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ एकत्र करून वर गोळाबेरीज केलेली. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षात कधीच भेटत नाही. त्यातही १५० साठी ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झवर एका अँटेनाला जोडणीचा वेग ७२ च्या पुढे जात नाही, आणि फाइल उतरवताना हाती येतो तो साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे २.४ वर आपल्याला उत्तम परिस्थितीतही पस्तीस-चाळीसच मिळाले असते. ६ ते ८ मिळतात याचा अर्थ सिग्नलही अगदी क्षीण आहे.

सिग्नल क्षीण का, हे आपल्याच मजकुरात दडलेले आहे. त्याच खोलीत फोनला ९० मिळतात. म्हणजे चिऱ्याची भिंत ओलांडून लहरी माडीपर्यंत येत आहेत. फोन आपल्या हातात मोकळा असतो. अडॅप्टर मात्र कॅबिनेटच्या पाठीमागे, पत्र्याला चिकटून, वायरींच्या जुडग्यात आणि बहुधा भिंतीपासून चार बोटांवर खुपसलेला आहे. नखाएवढ्या अडॅप्टरची अँटेना पोर्टच्या तोंडाशी काही मिलिमीटरच बाहेर असते, आणि तिच्या एका अंगाला संपूर्ण लोखंडी खोका उभा राहतो. माझ्या घरी हाच प्रकार होता. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून अडॅप्टर नुसता टेबलाच्या कडेवर आणून ठेवला, तर सिग्नल ३८ टक्क्यांवरून ७४ वर गेला; भिंत तीच, राउटर तोच. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकल्यास सिग्नलची टक्केवारी, वाहिनी आणि जोडणीचा वेग हे तिन्ही एकत्र दिसतात. अडॅप्टर हलवत ती आज्ञा पुनःपुन्हा चालवा आणि सर्वांत चांगली जागा शोधा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये तिथवर येणारी आतली वायर पुष्कळदा हलक्या प्रतीची असते.

५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसून नाहीसे होते, याचेही मुख्य कारण हेच असावे, कारण त्या लहरी भिंतीत जास्त शोषल्या जातात. तरी राउटरच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झची वाहिनी ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ यांपैकी एक ठरवून द्या. ५२ पासून पुढच्या काही वाहिन्या रडारबरोबर वाटून घ्याव्या लागतात. तेथे अडॅप्टर स्वतःहून हाक न मारता केवळ कानोसा घेतो, म्हणून नेटवर्क उशिरा सापडते. दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावेही द्या. नाव एकच असले की संगणक सिग्नलची काडी मोठी पाहून २.४ लाच जाऊन चिकटतो.

दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी तुटणे ही वीजबचतीची करामत आहे. अडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या चौकटीतील खूण काढा. ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत मांडणीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असते, तेही बंद करा.

तारवाला

पत्र्याआड यांचे निदान मला पटते, परंतु उपायाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. डेस्कटॉप वर्षानुवर्षे एकाच जागी राहणार असेल, तर यूएसबीचे हे लोंबते शेपूट हा कायमचा उपाय नव्हे. एच-६१ च्या बहुतेक मदरबोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसचा एक तरी आखूड खाचेचा स्लॉट रिकामा असतो. त्यात इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० चिपचे कार्ड बसते. आखूड स्लॉट भरलेला असला तर तेच कार्ड ग्राफिक्सच्या लांब स्लॉटमध्येही चालते.

मात्र घेताना एक फसगत टाळावी. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात, पण ती ठरावीक नव्या इंटेल मदरबोर्डांसाठीच आहेत, कारण वायफायचा निम्मा कारभार तेथे चिपसेटकडे असतो. जुन्या बोर्डावर ती मुकी राहतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला २०० ऐवजी २०१ पाठवले होते आणि ते परत करण्यात तीन आठवडे गेले. दुसरे असे की या कार्डाचे वायफाय स्लॉटमधून चालते, पण ब्लूटूथसाठी सोबत आलेली छोटी वायर मदरबोर्डवरील नऊ पिनांच्या यूएसबी जागेवर लावावी लागते. ती न लावता ‘ब्लूटूथ बिघडले’ म्हणून कार्ड परत करणारे मी पाहिले आहेत.

कार्ड बसवण्याआधी नुसता शटडाऊन पुरेसा नाही. मुख्य वायर काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कोकणातल्या दमट हवेत स्लॉटमध्ये धूळ आणि ओल दोन्ही धरतात, म्हणून ब्रशने स्लॉट झाडून घ्या आणि कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवा. स्क्रू आवळल्यानंतर अँटेना बोटांनीच घट्ट करा, पक्कड लावू नका. अँटेना कार्डावरच सरळ लावल्या तर त्यासुद्धा पत्र्याआडच जातात. म्हणून लांब वायरीची आणि चुंबकाच्या बुडाची अँटेना असलेले कार्ड घेतले तर ती टेबलावर ठेवता येते.

आणि खरे विचाराल तर ओटीपासून माडीपर्यंत कॅट-६ ची तार ओढणे सर्वांत उत्तम. चिरा मऊ असतो, भोक सहज पडते. वडीलधाऱ्यांची परवानगी मिळणे तेवढे अवघड.

पेंग्विनमित्र

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तिसऱ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, तेव्हा प्रश्नकर्त्यांना आज ना उद्या लिनक्स या मोफत कार्यप्रणालीकडे पाहावे लागेल, असे गृहीत धरून लिहितो. ८८११सीयू असेल तर ६.२ किंवा त्यापुढच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तिचा ड्रायव्हर मुळातच आहे. जुन्या कर्नलवर तो बाहेरून आणून बांधावा लागत असे, आणि कर्नलचे अद्ययावतीकरण झाले की वायफाय गायब होत असे. आंतरजालावरील बहुतेक जुने सल्ले त्याच काळातले आहेत, ते डोळे झाकून पाळू नयेत. सीडी ड्राइव्हचे सोंग उतरवण्यासाठी लिनक्समध्ये ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा वेगळा प्रोग्राम आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. इतक्या जुन्या मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल बहुधा संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग वायफाय उत्तम जोडलेले असूनही प्रत्येक संकेतस्थळ प्रमाणपत्राची चूक दाखवते. लोक अशा वेळी अडॅप्टरला दोष देतात. सीआर२०३२ सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

माडीवरचा

सर्वांचे आभार. काय केले आणि काय झाले ते सांगतो.

चिप ८८११सीयूच निघाली. फोनच्या टेदरिंगवरून नवा ड्रायव्हर उतरवून बसवल्यानंतर गेल्या पाच दिवसांत सीडी ड्राइव्हने एकदाही तोंड दाखवलेले नाही. वीजबचतीच्या दोन्ही खुणा काढल्यावर जोडणी तुटणेही थांबले.

जागेचा शोध मात्र रंजक ठरला. मागच्या पोर्टवर सिग्नल ३१ टक्के होता. दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर आणून अडॅप्टर टेबलावर ठेवला तेव्हा तो ५८ झाला, आणि दारापाशी नेल्यावर ७९. आमच्या माडीला लाकडी जिना आहे आणि त्याच्या तोंडाशी भिंत नाही; ओटीवरच्या राउटरकडून येणारी वाट तेथूनच मोकळी असणार, हे मला आज्ञा चालवत खोलीभर फिरल्याशिवाय सुचले नसते. वाहिनी ४४ ठरवून दिली आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव दिले. आता जोडणीचा वेग २६० ते २९२ च्या दरम्यान दिसतो आणि प्रत्यक्ष चाचणीत ८८ मिळाले.

घड्याळाचा सेल खरोखरच संपला होता. तारीख २०१२ ची दाखवत होती, तोही बदलला. तारवाला यांचे कार्ड सध्या लांबणीवर टाकले आहे, आणि भोकाचा विषय आईकडे काढून पाहिला, तो तेथेच संपला. अडॅप्टर तूर्त जिन्यापाशी छत्रीच्या खुंटीला टांगलेला आहे. वायर थोडी तोकडी पडते, म्हणून तिला आणखी एक दीड मीटरची जोडली तर चालेल का, एवढेच विचारायचे होते.

पत्र्याआड

दोन वायरी एकमेकींना जोडण्यापेक्षा तीन मीटरची एकच जाडसर वायर घ्या. प्रत्येक सांध्यात व्होल्टेज थोडे पडते आणि असा अडॅप्टर भरभरून प्रसारण करताना पोर्टमधून बरीच वीज ओढतो. यूएसबी २.० ला वायरींची मर्यादा पाच मीटरची आहे, त्यामुळे तीन मीटरला अडचण येऊ नये. वायर बदलल्यावर तीच आज्ञा पुन्हा एकदा चालवून पाहा आणि आकडा ७९ च्या खाली गेला तर कळवा.