'गो ऑफ' म्हणजे फक्त बंद होणं नाही
कुणीतरी लिहिलंय की इंग्रजीतलं 'गो ऑफ' (go off) म्हणजे बंद होणं, कारण लाईट गेली की 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणतात. ते बरोबरच आहे, पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजायला लागला, बंद झाला नाही, आणि आपल्याकडची मुलं नेमकी इथेच अडकतात. बॉम्ब 'गोज ऑफ' म्हणजे फुटतो, बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे गोळी सुटते. मला वाटतं हे 'सुटणे' डोक्यात ठेवलं की बराच उलगडा होतो, दाबून धरलेलं काहीतरी एकदम सुटतं, गजराचंही तसंच. ब्रिटिश लोक दूध नासलं तरी 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणतात, अमेरिकेत मात्र 'गॉन बॅड' जास्त चालतं. आणि 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफी आता आवडेनाशी झालीय, तिच्यावरून मन उडालंय, हाही ब्रिटिशच वापर. त्यामुळे शिकवताना एकाच अर्थाची यादी पाठ करून घेऊ नका प्लीज, अख्खं वाक्य द्या, काय 'ऑफ' गेलंय ते बघूनच अर्थ लागतो.