ओम्नी कॅम्पर: सगळे बल्ब एलईडी केले आणि आता बॅटरी चार्ज होत नाहीये (मदत हवी आहे)

ओम्नीवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

बाबांची २००९ ची ओम्नी आहे, पेट्रोल. ते आता चालवत नाहीत, म्हणून मी लॉकडाऊननंतर मागची सीट काढून प्लायचा बेड टाकला, खाली सामानाचे खण, आणि दुसरी बॅटरी बसवली ३५ एएचची (अँपिअर-तास), साधी लेड अ‍ॅसिड. ती मेन बॅटरीला एका रिलेने जोडलीये, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की रिले लागतो आणि दुसरी बॅटरी चार्ज व्हायला लागते. लागताना टक् असा आवाज येतो, बायको म्हणते पाल चुकचुकली.

आत तीन दिवे होते, एक कंपनीचा आणि दोन मी जुन्या बाजारातून आणलेले, तिन्हीत १० वॅटचे ट्यूबसारखे बल्ब. म्हणजे ३० वॅट, अडीच अँपिअर. रात्री चार तास लावले की १० एएच गेले, वर छोटा पंखा, सकाळपर्यंत बॅटरी मेलेली. म्हणून ठरवलं सगळं एलईडी करायचं. नाना पेठेतून बल्ब आणले, आतले २-२ वॅटचे, आणि हात लागलाच आहे तर डॅशबोर्ड पण करू म्हणून मीटर उघडून तिथले सगळे बिनकॅपचे छोटे बल्ब पण बदलले. (मीटर काढताना स्पीडोची केबल मागून सोडवायला अख्खी दुपार गेली, तो वेगळा धागा होईल.)

आता प्रॉब्लेम. जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असं नीट गेलो, वाटेत चार्जिंग ओके, मोबाइल चार्जरवर व्होल्टेज दिसतं ते १४.२ होतं. दुसऱ्या दिवशी पंख्यामुळे बॅटरी उतरली म्हणून जागेवरच इंजिन चालू करून पाऊण तास ठेवलं, तर काही नाही! आकडा १२.३, मग १२.२, आणि टक् आवाज आलाच नाही. परत येताना हायवेला पुन्हा १४.२. आता घरी रोज बघतोय, चालू केली की १२.४ च, एकदा जोरात रेस केली की टक् होऊन एकदम १४ वर जातं आणि मग बंद करेपर्यंत व्यवस्थित. सिग्नलला उभी असली तरी.

मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा लागत नाही म्हणून मी निर्धास्त होतो.

इलेक्ट्रिशियनला दाखवली, तो म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरीसाठी वीज बनवतो तो) गेला, साडेसहा हजार. पण गेला असता तर हायवेला कसा चालतो? बेल्ट मी ताणून बघितला, ठीक आहे.

अजून दोन गोष्टी विचारायच्यात. स्पीडोमीटरचा मधला भाग भगभगीत दिसतो आणि कडेचे आकडे अंधारात. आणि छताला लावायला ५ मीटरचा एलईडी पट्टीचा रोल आणून ठेवलाय, तो लावू का?

रात्रपाळी

लाल दिवा चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, लागतो का? ते सांग आधी. बाकी नंतर.

ओम्नीवाला

आत्ता खाली जाऊन बघून आलो. नाही लागत. ऑइलचा लागतो, बॅटरीचा नाही. आधी लागायचा बहुतेक, कधी लक्षच दिलं नाही राव.

रात्रपाळी

मग अल्टरनेटरला हात लावू नकोस, साडेसहा हजार खिशात ठेव.

तो लाल दिवा नुसता दिवा नाहीये. अल्टरनेटर फिरला म्हणून लगेच वीज करत नाही, आतल्या फिरत्या कॉइलला सुरुवातीला थोडा करंट द्यावा लागतो तेव्हा ते चुंबक बनतं. ह्या गाड्यांत तो करंट चावीतून, त्या मीटर बल्बमधून, मग अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला जातो. म्हणजे बल्ब हा त्या वायरीचाच एक तुकडा आहे. एकदा वीज तयार व्हायला लागली की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं, म्हणून तो विझतो.

तू तिथे एलईडी घातलास, आणि तोही उलटा बसलेला दिसतोय. एलईडीला प्लस मायनस असतं, उलटा घातला तर करंट शून्य. म्हणून दिवा पण नाही आणि चार्जिंग पण नाही. जोरात रेस केल्यावर का चालू होतं, तर लोखंडात थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, वेगाने फिरलं की तेवढ्यावर तो स्वतःच उठतो. हायवेला नकळत तेच झालं. भंडारदऱ्याला तू उभ्या गाडीत नुसतं पेट्रोल जाळलंस.

ओम्नीवाला

अरे देवा. म्हणजे एलईडी अर्धा फेरा फिरवून सुलटा लावला की झालं?

रात्रपाळी

दिवा लागेल, पण चार्जिंगचं काम बहुतेक होणार नाही. जुना बल्ब समजा ३ वॅटचा, तर पाव अँपिअर जातो. तुझा एलईडी जेमतेम ०.०२. तेवढ्याने काही अल्टरनेटर उठतात, काही नाही. तिथे जुना काचेचा बल्बच परत घाल. हट्टच असेल एलईडीचा तर त्याला समांतर १०० ओमचा ५ वॅटवाला रेझिस्टर जोड, पण तो तापतो आणि मीटरच्या मागे प्लास्टिक आहे. १५ रुपयांचा बल्ब सोडून हे करायचं मला तरी कारण दिसत नाही.

कोकणी_खवळे

रात्रपाळी दादांनी बरोबर सांगितलंय. माझ्या जुन्या गाडीत वेगळीच गंमत होती, दोन्ही इंडिकेटरला मीटरमध्ये एकच दिवा. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये लटकवलेला, एकदा करंट इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. एलईडी घातल्यावर डावा दाखवायचा, उजवा नाही, पंधरा दिवस मी वळलो की मागचे हॉर्न मारतात म्हणून मीच चिडत होतो.

स्पीडोमीटरचं म्हणशील तर काचेचा बल्ब चहूबाजूंना उजेड फेकतो आणि मीटरचं आतलं खोकं त्याच्यासाठीच पांढरं केलेलं असतं. तुझा एलईडी नुसता नाकासमोर बघतो. बाजूने पण चिप असलेले किंवा दुधी टोपीवाले मिळतात, ते घे. आणि आत रंगीत प्लास्टिकची टोपी असेल तर त्याच रंगाचा एलईडी घे. निळा मात्र नको हा, माळशेजला रात्री धुक्यात डोळ्यांसमोर निळा गोळा घेऊन चालवून बघ म्हणजे कळेल.

सुगरण_प्रवासी

मला अल्टरनेटरमधलं ओ की ठो कळत नाही पण पट्टीबद्दल बोलते. रोलवर ५०५० (एलईडी चिपचा प्रकार) आणि मीटरला ६० एलईडी असं लिहिलंय का? तर ती मीटरला १४.४ वॅट खाते. तू तीन मीटर लावलीस तरी ४३ वॅट झाले, जुने तीन बल्ब ३० खात होते! एलईडी लावून वाढवून ठेवशील. आम्ही पण आधी हेच केलं होतं, ह्यांना वाटलं एलईडी म्हणजे फुकट.

आता आमच्याकडे ओट्याच्या वर अर्धा मीटर आहे फक्त, तीन-तीन एलईडीवर कापायच्या खुणा असतात तिथे कापायची. पिवळसर ३००० केल्विनची घे, पांढऱ्या ६५०० मध्ये पोहे पण दवाखान्यातले वाटतात आणि किडे जास्त येतात. नुसती चिकटवू नकोस, उन्हात गाडी उभी राहिली की डिंक सुटून पट्टी रात्री तोंडावर पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसव, वर दुधी झाकण. आणि फ्यूज टाक रे बाबा, प्लायला लागून वायर नेलीयेस.

रात्रपाळी

ताईंना +१. शिवाय पट्टी १२ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना तिला १४.४ मिळतं, गरम होऊन लवकर मरते. छोटा कन्व्हर्टर मिळतो १२ वर पक्का धरणारा, पसोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचार. फार स्वस्तातला घेतलास तर एफएमवर खरखर येते.

घाटमाथ्यावरून

एक लाल दिवा पण ठेव आत. काजव्यांसाठी किंवा तारे बघायला जाता तेव्हा पांढरा दिवा लावला की डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं जातात, आणि शेजारच्या तंबूतले शिव्या घालतात ते वेगळंच.

ओम्नीवाला

अपडेट देतो. रविवारी सकाळी मीटर परत उघडला, ह्या वेळी स्पीडोची केबल दहा मिनिटांत सुटली. रात्रपाळी दादांवर विश्वास होता तरी खाज म्हणून आधी एलईडी उलटवून बघितला. चावीला लाल दिवा लागला, इंजिन चालू केल्यावर लागलेलाच राहिला, १२.४. रेस केली तेव्हा विझला. मग जुना बल्ब घातला (नशीब डबीत ठेवले होते, बायको फेकायला निघाली होती), चावी फिरवली, दिवा ठळक लाल, स्टार्टर मारला, दिवा गेला आणि साध्या आयडलला १४.१. टक्!

बायको वरून खिडकीतून ओरडली, पाल आली परत.

पट्टी ५०५० च निघाली, दुकानदार बदलून देत नाहीये. कोणाला हवी असेल तर साडेचार मीटर शिल्लक आहे, पुण्यात येऊन घेऊन जा.