पे अँड पार्क: पुण्याच्या नव्या सभागृहाने २०१८ चा ठराव बाहेर काढावा का?

कसबेकर
मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, म्हणजे रस्त्यावर गाडी लावायची तर तासाप्रमाणे पैसे भरायचे (पे अँड पार्क). शहरभर विरोध झाला म्हणून ते आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करायचं ठरलं. सत्ताधाऱ्यांकडे स्पष्ट बहुमत होतं, सभागृह पुढे चार वर्षं चाललं, तरी ठराव कागदावरच राहिला. मार्च २०२२ पासून प्रशासकराज. त्या काळातही प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. आता निवडणूक होऊन नगरसेवक आलेत. माझं म्हणणं सरळ आहे: पहिल्या वर्षातच हा विषय घ्या. पाचव्या वर्षी कोणी हात लावणार नाही.

एका चारचाकीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत पथारीवाला बसला तर तो महापालिकेला शुल्क भरतो, आणि परवाना नसेल तर अतिक्रमणवाले माल उचलून नेतात. गाडीवाला मात्र दिवसभर फुकट. हा कुठला न्याय?

लक्ष्मी रोड, तिसरी पिढी
न्यायाचं नंतर बोलू, आधी धंद्याचं बोला. मॉलमध्ये गाडी सरळ आत जाते, वर एसी. आमच्याकडे गिऱ्हाईक आधीच पी-वन पी-टू (आज सम तारीख की विषम, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची) बघून, टोइंगची भीती पोटात घेऊन येतं. त्यावर तासाची पावती लावलीत तर साडी घ्यायला कोण थांबेल? साडी काय अर्ध्या तासात घेतात? ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून रस्ता बंद करता, फोटो छान येतात. उरलेले दिवस आम्हाला काढायचे असतात. मिळकतकर आम्ही व्यापारी दराने भरतो, हेही लक्षात ठेवा.

चालत जाणारी
दादा, तुमच्या गिऱ्हाइकाला जागा का मिळत नाही ते बघा ना. सकाळी दुकान उघडायच्या वेळी मालकाची गाडी आणि कामगारांच्या दुचाक्या दारात लागतात, त्या रात्री शटर पडल्यावरच हलतात. दहा रुपये तास लावले तर पहिल्या त्याच जातील. मग तासाभरासाठी येणाऱ्याला जागा सापडेल. दर लावायचा तो जागा फिरती राहावी म्हणून. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगच्या दरात जमिनीची किंमत दिसली पाहिजे असं म्हटलंय. म्हणजे ही पुण्याच्या कुणा हौशी मंडळींची कल्पना नाही.

लक्ष्मी रोड, तिसरी पिढी
आणि कामगारांनी काय करायचं? माझा मुलगा धायरीहून येतो (मुलगा म्हणजे दुकानातला). त्याच्या पगारातून पार्किंग कापू का?

चालत जाणारी
मंडईला भुयारी मेट्रो आलीये.

लक्ष्मी रोड, तिसरी पिढी
धायरीत नाही आली.

डबा-पार्सल
मला कुणी विचारणार आहे का? मी घरपोच जेवण देतो. एका ऑर्डरला चार मिनिटं थांबतो, दिवसात पंचवीसेक ठिकाणी. प्रत्येक वेळी पावती फाडू? पीएमपीचं किमान तिकीट जून २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, आणि बस यायची तेव्हाच येते. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्याकडून घ्यायचं आणि त्याला धोरण म्हणायचं. चारचाकीवाल्यांकडून हवे तेवढे घ्या, दुचाकी सोडा.

कसबेकर
पहिली पंधरा मिनिटं मोफत ठेवता येतील, त्यात तुमचं काम बसतं. पण दुचाकी पूर्ण सोडली तर उरतं काय? पेठांत निम्म्याहून जास्त जागा दुचाक्यांनीच धरलेली दिसते. २०१८ मध्येच शहरातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्यात मोठा वाटा दुचाकींचा.

वाड्यातली सून
मी पैसे द्यायला तयार आहे, पण रागावलेली आहे. आमचा वाडा जुना, गाडीला जागाच नाही. समोरची इमारत नवी. नकाशात तळमजल्याला पार्किंग आहे, प्रत्यक्षात गोडाऊन. तिथल्या लोकांच्या गाड्या आमच्या दारात. म्हणजे एकाने पार्किंग विकून खाल्लं आणि पावती फाडायची मी? मुख्य सभेत ठराव करायचाच असेल तर आधी हा करा: प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने मंजूर नकाशे घेऊन रस्त्यावर उतरायचं आणि बुजवलेली पार्किंग मोकळी करायची. यासाठी नवं धोरण लागत नाही, बांधकाम नियमांत आहेच. पण तिथे हात घातला की कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मेव्हणा निघतो.

लक्ष्मी रोड, तिसरी पिढी
ताईंशी शंभर टक्के सहमत.

चालत जाणारी
लगेच सहमत झालात? आधी तुमच्या मागच्या बाजूचं गोडाऊन बघून या.

निवृत्त कारकून
सगळे दरावर भांडताय, वसुलीवर कोणीच बोलत नाही. एका वाहनतळावर फलकावर एक दर, पोरगा सांगतो दुसरा. पावती मागितली तर म्हणतो, मशीन बंद आहे. आता हेच रस्त्यावर येणार. ठेकेदार ठरलेली रक्कम पालिकेला भरणार आणि वरचं त्याचं. मग तो गर्दी कमी कशाला होऊ देईल? त्याला रस्ता भरलेलाच हवा! ठेका वार्षिक रकमेवर द्यायचा नाही, गाडीमागे हिशोब व्हावा, आणि जमा पैसा त्याच प्रभागाच्या पदपथांवर खर्च व्हावा. ही अट ठरावात उपसूचना म्हणून नाही, मूळ मजकुरातच हवी. उपसूचनांचं पुढे काय होतं ते मी आयुष्यभर फायलींत पाहिलंय.

कसबेकर
ही अट मला मान्य आहे. पण ठेकेदार चोर निघेल म्हणून रस्ता फुकट वाटायचा, हे नाही पटत. मग पाणीपट्टीही नको.

निवृत्त कारकून
पाणीपट्टी मी खिडकीवर भरतो, पोराच्या हातात देत नाही.

वाड्यातली सून
आणि आमच्या प्रभागात चार नगरसेवक. पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणतो आयुक्तांना. या विषयावर हात वर करून नको, नावं पुकारून मतदान घ्या. कोण कुठल्या बाजूला ते कळू दे.

लक्ष्मी रोड, तिसरी पिढी
घ्या की. चौघेही प्रचाराला आमच्या गल्लीत गाड्या घेऊनच आले होते, आणि त्या कुठे लावल्या होत्या ते माझ्या कॅमेऱ्यात आहे.