जिभेखालच्या थेंबांनी अन्नाची ॲलर्जी 'मुळासकट' जाते का?

फोंडेकर
काल इथे एका पालकाने लिहिले की, जिभेखाली थेंब ठेवण्याच्या उपचाराने मुलाची शेंगदाण्याची ॲलर्जी सहा महिन्यांत मुळासकट गेली, तेव्हा इतरांनीही पथ्याचा बाऊ सोडून द्यावा. हा सल्ला एखाद्या लेकराच्या जिवावर बेतेल, म्हणून सविस्तर लिहितो. या उपचारात शेंगदाण्यातील प्रथिनाची काही मिलिग्रॅमची मात्रा रोज जिभेखाली सुमारे दोन मिनिटे धरून मग गिळायची असते आणि हे वर्षानुवर्षे चालते. त्यातून सहनशक्ती वाढते; चुकून पोटात गेलेल्या दाण्याने मूल अत्यवस्थ होण्याचा धोका घटतो, पण थेंब थांबवले की अनेकांचे हे संरक्षण ओसरू लागते. अमेरिकेच्या औषध नियामकाने जिभेखालच्या ज्या गोळ्यांना मान्यता दिली, त्या परागकणांच्या आणि धुळीतील किड्यांच्या ॲलर्जीसाठी आहेत. अन्नासाठी एकही नाही. मग 'मुळासकट' कशाच्या आधारावर?

म्हापशाची मावशी
शब्दावरून भांडणे सोपे आहे, कारण असे मूल तुमच्या घरात नसावे. माझा भाचा अमेरिकेत हेच थेंब तिसरे वर्ष घेत आहे. न्याहारीनंतर तो आरशासमोर जीभ वर करून उभा राहतो, त्याची आई घड्याळ पाहते, ओठांना थोडी खाज सुटते आणि थांबते. 2020 मध्ये तिथे मान्य झालेल्या, अन्नात मिसळून खायच्या शेंगदाण्याच्या पुडीची मात्रा वाढत वाढत रोज 300 मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते. त्या पुडीने त्याला उलट्या होत, म्हणून ती सोडावी लागली. गेल्या चतुर्थीला तो पहिल्यांदा आमच्या पंगतीत बसला. बरा झाला नसेल, पण माझी बहीण त्या दिवशी सुखाने चार घास जेवली, हे तुम्हाला कमी वाटते का?

मिरामारचा खानावळवाला
मला तर 'ॲलर्जी' या शब्दाचाच वीट आला आहे. न आवडणाऱ्या पदार्थालाही गिऱ्हाइके ॲलर्जी म्हणतात. एका बाईंनी कोळंबीची ॲलर्जी सांगितली आणि नंतर शेजारच्या ताटातले सुक्या कोळंबीचे किसमूर मिटक्या मारत खाल्ले. स्वयंपाकघरातल्या पोरांनी विश्वास कोणावर ठेवायचा?

फोंडेकर
प्रत्येकावर ठेवायचा. मावशी, असे मूल माझ्या घरात आहे. मुलीला कोळंबीची ॲलर्जी आहे, म्हणून एका खानावळीत आम्ही नीरफणसाचे काप मागवले. ते कोळंबी तळलेल्या तेलातच काढले होते. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले आणि आवाज घोगरा झाला. कोळंबीतले ॲलर्जी आणणारे प्रथिन तळल्या-शिजवल्याने नष्ट होत नाही, हे तुमच्या पेशातल्या माणसाला ठाऊक नसावे, याचा मला संताप येतो.

मिरामारचा खानावळवाला
एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना धारेवर धरू नका. पाकीटबंद खाद्यावर शेंगदाणा, दूध, कोळंबी लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे; आमच्या कढईवर काय लिहायचे? तरी तेलाची गोष्ट मला पटली. कापांसाठी वेगळी कढई ठेवीन, पण तो खर्च माझ्याच माथी येतो, हेही लक्षात असू द्या.

म्हापशाची मावशी
फोंडेकर, तुमच्या मुलीविषयी मला ठाऊक नव्हते. तसे लिहायला नको होते. थेंबांवरचा माझा विश्वास मात्र कायम आहे. पथ्य सोडा, असे मीही म्हणणार नाही. पंगतीत बहिणीच्या पिशवीत ॲड्रेनलिनची, म्हणजे ॲलर्जीने मूल अत्यवस्थ झाले तर लगेच टोचायच्या औषधाची, दोन पेने होती. इथल्या औषधालयांत ती सहज मिळत नाहीत, म्हणून तिकडूनच आणलेली. तुम्ही काय जवळ ठेवता?

फोंडेकर
डॉक्टरांनी दिलेली ॲड्रेनलिनची कुपी, सिरिंज आणि वजनानुसार मात्रा लिहिलेली चिठ्ठी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसे टोचायचे, ते आम्ही दोघे संत्र्यावर शिकलो. कोळंबीसाठी असे थेंब सिद्ध झाले, तर मुलीला घेऊन सर्वांत आधी मीच जाईन.