एसव्हीएन आणि गिट: दोन्ही बाजूंनी कमिट घेणारा सिंक टिकतो का?

मृणाल:
केदार यांची कालची पोस्ट वाचली. अर्धी टीम एसव्हीएनवर (सबव्हर्जन, कोडचा इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवणारी प्रणाली) आणि अर्धी गिटवर (जिथे प्रत्येकाकडे इतिहासाची पूर्ण प्रत असते) असेल तर मध्ये दोन्हींना जोडणारा एक सर्व्हर, म्हणजे पूल, ठेवा, दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) गिट पुल (नवे बदल ओढणं), गिट एसव्हीएन रिबेस (ते एसव्हीएनच्या ताज्या स्थितीवर पुन्हा रचणं), डीकमिट (ते एसव्हीएनवर चढवणं) आणि शेवटी पुश फोर्स (मध्यवर्ती गिट रेपोतला, म्हणजे कोडच्या साठ्यातला, इतिहास जबरदस्तीने बदलणं) चालवा, स्थलांतराच्या भानगडीत पडू नका, असा त्यांचा सल्ला आहे. खाली ‘उद्याच लावतो’ असे प्रतिसाद दिसले म्हणून सविस्तर लिहिते आहे. उद्या लावू नका.

मुळात पुश फोर्स का लागतो, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. डीकमिट तुमचं गिट कमिट (नोंदवलेला बदल) जसंच्या तसं ठेवत नाही. ते एसव्हीएनला एक रिव्हिजन (क्रमांक असलेली नोंद) म्हणून पाठवतं, तीच रिव्हिजन परत वाचतं, संदेशाखाली गिट-एसव्हीएन-आयडीची ओळ जोडतं आणि नवं कमिट बनवतं. संदेश बदलला की हॅश (कमिटची ओळख) बदलला. म्हणजे ज्याने पुश केलं त्याच्याकडे जुना हॅश, मध्यवर्ती रेपोत नवा, आणि आतला बदल एकच.

यातून काय बिघडतं बघा. आशाने एक बदल पुश केला. पुलावरच्या सर्व्हरने तो आर४८१२ (रिव्हिजन ४८१२) म्हणून एसव्हीएनवर चढवला. एसव्हीएनवाल्या कुणाला तो चुकीचा वाटला, त्याने आर४८१३ मध्ये मागे घेतला. आता आशा साधं गिट पुल करते. मर्जचा (दोन बाजू एकत्र करण्याचा) पाया आर४८१२ च्या आधीचा. आशाच्या बाजूला बदल आहे, समोरच्या बाजूला बेरीज-वजाबाकी होऊन काहीच नाही. गिट तिची बाजू घेतं. कॉन्फ्लिक्ट नाही, इशारा नाही. तिने पुढचं काम पुश केलं की मागे घेतलेला बदल आर४८१४ म्हणून एसव्हीएनवर पुन्हा हजर. कुणीही चूक केलेली नाही, तरी कोड चुकीचा आहे.

क्रम ठरवण्याचा अधिकार एकाच रेपोला असला पाहिजे. दुसरा आरसा. आरशात थेट कमिट करू देऊ नका.

केदार:
साधं पुल करा असं मी कुठे म्हटलं? गिट वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्ये पुल-रिबेस ट्रू (पुल करताना मर्जऐवजी रिबेस) असलंच पाहिजे, ही किमान शिस्त आहे. पुल रिबेस फोर्क-पॉइंट (आपली शाखा मध्यवर्ती शाखेपासून कुठे फुटली ती जागा) बघतो. ओरिजिन-मास्टरच्या (मध्यवर्ती मुख्य शाखेची आपल्याकडची खूण) रिफ्लॉगमध्ये (ती खूण आधी कुठे कुठे होती त्याची नोंद) आशाचा जुना हॅश आहे, म्हणजे तो आधी अपस्ट्रीममध्ये (मध्यवर्ती शाखेत) होता हे गिटला कळतं आणि ते कमिट गाळलं जातं. तुमचा मागे घेतलेला बदल मागेच राहतो. उदाहरण मुद्दाम वाईट निवडलं आहे आणि त्यावरून अख्खी पद्धत मोडीत काढली आहे.

मृणाल:
फोर्क-पॉइंटचा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. पण तो किती ठिकाणी लागू होतो तेही लिहा ना. रिफ्लॉग त्या एका क्लोनपुरता (रेपोच्या प्रतीपुरता) असतो. आशाच्या कमिटवर बांधलेली शाखा दुसऱ्याने नव्या क्लोनमध्ये घेतली, तर त्याच्या ओरिजिन-मास्टरने तो जुना हॅश कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय गिट रिबेस ओरिजिन-मास्टर असं अपस्ट्रीमचं नाव हाताने लिहिलं, तर फोर्क-पॉइंट मुळात बघितलाच जात नाही. निम्मे लोक तसंच लिहितात.

मग उरतो पॅच-आयडी, म्हणजे बदलाच्या मजकुरावरून काढलेली ओळख. तो ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा सोडतो, पण आजूबाजूच्या संदर्भ-ओळी धरतो. पुलावर रिबेस होताना शेजारच्या तीन ओळींत एसव्हीएनवाल्याचा बदल आला असेल, तर पॅच-आयडी वेगळा. गिटला ते दोन निराळे बदल वाटतात आणि जुनं कमिट पुन्हा लावलं जातं.

सुहास:
दोघेही रोग जपत बसला आहात. कंपायलरांपैकी एलएलव्हीएम ऑक्टोबर २०१९ मध्ये गिटवर गेलं, जीसीसी जानेवारी २०२० मध्ये. दशकांचा इतिहास असलेले प्रकल्प जाऊ शकतात तर तुमचे का नाही? एसव्हीएन रीड-ओन्ली करा आणि मोकळे व्हा. गिटहबने सुद्धा एसव्हीएन क्लायंटला दिलेली सोय ८ जानेवारी २०२४ ला बंद केली.

केदार:
सुहास, प्रत्येक धाग्यावर हेच उत्तर. एसव्हीएनवर नीड्स-लॉक लावलेल्या (कुलूप घेऊन एका वेळी एकानेच बदलायच्या) डिझाइन फाइली असतात, रिव्हिजन क्रमांकावर चालणारी ऑडिट पत्रकं असतात, उपफोल्डरवार परवानग्या असतात. ते सगळं एका शनिवार-रविवारी हलत नाही. आणि वर्डप्रेसचा गाभा आजही एसव्हीएनवरच कमिट होतो, तो काय मेला आहे?

मृणाल:
वर्डप्रेसचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. तिथे गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) येते, चर्चा होते, चाचण्या चालतात, आणि ती तिथे मर्ज केली जात नाही. कमिटर तो बदल एसव्हीएनवर चढवतो, मग तो आरशात उतरतो. एकच दिशा. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने डिसेंबर २०२० मध्ये मुख्य कोड गिटवर नेला, तेव्हा जुन्या स्टेबल शाखांसाठी गिटमधून एसव्हीएनकडे निर्यात चालू ठेवली. तीही एकाच दिशेने.

अन्वर:
आणि श्रेयाचं काय? यावर कुणी बोलतच नाही. पुलावरच्या सर्व्हरचं एसव्हीएन खातं एकच. डीकमिट केलं की एसव्हीएनच्या लॉगमध्ये प्रत्येक रिव्हिजनचा लेखक ‘ब्रिज’. ब्लेम (कोणती ओळ कुणाची ते दाखवणारी आज्ञा) काढला की सगळ्या ओळी ‘ब्रिज’ने लिहिलेल्या. वर्डप्रेसवाले निदान संदेशात ‘प्रॉप्स’ लिहून नावं देतात. इथे ज्याने काम केलं त्याचं नाव गायब.

मृणाल:
अन्वर, त्याला उपाय आहे. डीकमिटला ॲड-ऑथर-फ्रॉम द्या, संदेशाखाली ‘फ्रॉम’ची ओळ जाते. फेचला (एसव्हीएनमधून बदल आणणाऱ्या आज्ञेला) यूज-लॉग-ऑथर द्या, परत येताना तीच ओळ वाचून लेखक लावला जातो. एसव्हीएनचा ब्लेम त्याने सुधारत नाही हे खरं. उलट दिशेला ऑथर्स फाइल (कोणतं एसव्हीएन लॉगिन म्हणजे गिटमधलं कोणतं नाव, याची यादी) लागते. नव्या माणसाचं लॉगिन त्यात नसेल तर फेच तिथेच थांबतो, म्हणून ऑथर्स-प्रॉग लावून अनोळखी लॉगिनला ठरावीक पत्ता द्या. आणि ही फाइल पहिल्या क्लोनआधीच नीट करा. नंतर दुरुस्त करून नव्याने क्लोन केलंत तर त्या लेखकाच्या पहिल्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतील.

रेवा:
मूळ प्रश्नापेक्षा मोठी अडचण फाइलींच्या नावांची आहे. मराठी नावांच्या फाइली असलेल्या रेपोवर केदार यांचा क्रॉन लावला तर पहिल्याच देवनागरी नावावर अडतो. हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमधून ‘यूटीएफ-८ मधून नेटिव्ह एन्कोडिंगमध्ये रूपांतर करता येत नाही’ अशी एसव्हीएनची त्रुटी. कारण क्रॉनच्या वातावरणात भाषेची सेटिंग नसते, लोकॅल ‘सी’ असतं. क्रॉनटॅबमध्ये एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

केदार:
फाइलींची नावं इंग्रजीत ठेवा. विषय संपला.

रेवा:
विषय का संपला? ‘शेतकऱ्यांची_यादी’ या नावाचं टेम्प्लेट मराठी वापरणाऱ्यांसाठी आहे, ते भरणाराही मराठीच वाचतो. रोमन अक्षरांत त्याचं चार जण चार प्रकारे स्पेलिंग करतात आणि एकच फाइल चार नावांनी रेपोत येते. साधनं यूटीएफ-८ घेतात. अडते ती आपली सेटिंग.

‘शेतकऱ्यांची’ मध्ये नेमकं काय होतं ते बघा. ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-प्रणाली नावाचे तुकडे करून दुसऱ्या प्रकारे साठवते. एसव्हीएनला ही दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून चेकआउट केल्या केल्या स्टेटसमध्ये एक फाइल उद्गारचिन्हासह हरवलेली आणि तशीच दिसणारी दुसरी प्रश्नचिन्हासह अनोळखी. घाईत कुणी ती ॲड केली की एसव्हीएनवर एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना सारख्याच दोन फाइली. लिनक्सच्या पुलावर दोन्ही उतरतात, गिटमध्ये दोन्ही जातात. नव्या मॅकवर एपीएफएस दोन्हींना एकच नाव मानतं, तिथे एकच फाइल उतरते आणि गिट स्टेटस कधीच स्वच्छ होत नाही.

केदार:
गिटमध्ये प्रीकंपोज-युनिकोड (तुटलेली नावं एकसंध करणारी सेटिंग) आहे, मॅकवर क्लोन करताना ते आपोआप लागतं.

रेवा:
गिटपुरतं. एसव्हीएन क्लायंटला ते कोण लावणार? पुलाच्या एका टोकाला सोय आहे म्हणून दुसऱ्या टोकाला नाही याकडे डोळेझाक करायची का? हीच तुमच्या पोस्टची मोठी खोट आहे, सगळं गिटच्या बाजूने उभं राहून लिहिलेलं.

ओळखायचं कसं, तेही सांगते. गिटमधलं कोट-पाथ (देवनागरी नावं आकड्यांत दाखवणारी सेटिंग) फॉल्स करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, नावं सुबक दिसतात. शोध घेताना ते ट्रूच ठेवा. मग एकसंध ‘ऱ’ \३४०\२४४\२६१ असा दिसतो आणि तुटलेला \३४०\२४४\२६०\३४०\२४४\२७४ असा. एसव्हीएनच्या जुन्या आवृत्त्या मात्र ‘सी’ लोकॅलमध्ये तेच अक्षर दशमानात दाखवतात: ?\२२४?\१६४?\१७७. दोन्ही लॉग शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच फसतात, कारण गिटचे आकडे अष्टमान आहेत.

सुहास:
एसव्हीएनच्या प्री-कमिट हुकमध्ये (कमिट स्वीकारण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नाव एनएफसी (युनिकोडचं एकसंध अक्षरांचं प्रमाण रूप) आहे का ते तपासा आणि नसेल तर कमिट नाकारा. दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट, युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ.

रेवा:
तपासायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. एक म्हणजे हुक रिकाम्या वातावरणात चालतो. एसव्हीएनलुकला (हुकला बदल दाखवणाऱ्या आज्ञेला) यूटीएफ-८ लोकॅल दिलं नाही तर स्क्रिप्टला नावाऐवजी तसले आकडे मिळतात, ते निव्वळ आस्की (साधी इंग्रजी चिन्हं) असतात आणि तपासणी नेहमी पास होते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी_ऑल लावा. दुसरं म्हणजे मराठीत ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरूनही हा अर्धा ‘र’ काढतात, आंतरजालावर ‘दुसर्‍या’ असा शब्द सर्रास दिसतो तो हाच. तो आणि ‘ऱ’ युनिकोडच्या नियमाने समान नाहीत, म्हणून एनएफसी त्यांना एक करत नाही. गिटच्या आकड्यांत \३४२\२००\२१५ दिसलं की जोडक आहे समजा. हुकमध्ये तो वेगळा नाकारावा लागतो.

केदार:
एका अक्षरासाठी एवढा प्रपंच! म्हणूनच म्हटलं इंग्रजी ठेवा. तुम्ही स्वतःच माझी बाजू सिद्ध केलीत.

रेवा:
मी दोन तपासण्या सांगितल्या, त्या एकदाच लिहायच्या आहेत. तुम्ही शेकडो फाइलींची नावं बदलायला सांगता. एसव्हीएनमध्ये ते मूव्ह म्हणून नोंदलं जाईल, गिट मात्र नाव बदलल्याची नोंद ठेवतच नाही, मजकुराच्या साम्यावरून अंदाज बांधतं. साधा गिट लॉग जुन्या नावाशी थांबेल, फॉलो दिल्याशिवाय मागचा इतिहास दिसणार नाही. प्रपंच कुठे जास्त आहे? आणि मराठी नाव आलं की लगेच ‘इंग्रजी ठेवा’ हे ऐकून खरोखर वीट आला आहे.

मृणाल:
रेवाशी सहमत, पण परत पुलावर येऊ. केदार, दुहेरी सोय हवीच असेल तर निदान असं करा. मध्यवर्ती गिट रेपोत डिनाय-नॉन-फास्ट-फॉरवर्ड्स ट्रू (इतिहास बदलणारा पुश नाकारणं). मास्टरवर पुशचा हक्क फक्त पुलाच्या खात्याला. गिटवाले ‘आवक’ नावाखालच्या शाखांत पुश करतील. पूल एका वेळी एकच शाखा घेईल, संपूर्ण फेरी एफलॉकखाली (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप): फेच, ट्रंकवर (एसव्हीएनची मुख्य शाखा) रिबेस, ड्राय-रन (प्रत्यक्ष न चढवता केलेली चाचणी), डीकमिट, मास्टरवर साधा पुश, शेवटी आवक शाखा पुसणं. ड्राय-रनमध्ये कोणत्या यूआरएलवर कमिट होणार ते छापलं जातं, ते ट्रंकच आहे का हे स्क्रिप्टने तपासावं. रिबेस अडला तर अबॉर्ट करून शाखेच्या मालकाला मेल. तुमच्या क्रॉनमध्ये हे नाही, त्यामुळे अडलेला रिबेस तसाच लटकतो आणि पुढची प्रत्येक फेरी त्यावर आपटते.

केदार:
एफलॉक आणि अबॉर्ट मी पोस्टमध्ये घालतो. ते हवं होतं, ठीक आहे. आवक शाखाही चालतील. पण मग हा दुहेरीच सिंक झाला ना? दोन्हीकडचे लोक लिहू शकतात. ‘दुहेरी टिकत नाही’ म्हणत शेवटी तुम्हीही दुहेरीच दिलंत.

मृणाल:
नाही. मास्टरवर एसव्हीएनमधून आलेलं नाही असं एकही कमिट नसेल. क्रम एसव्हीएन ठरवेल, फोर्स कधीच लागणार नाही. हा फरक तुम्हाला छोटा वाटतो, पण आशाचा मागे घेतलेला बदल यामुळेच परत येत नाही.

केदार:
सहा कमिटांच्या शाखेत तिसऱ्यावर एसव्हीएनचा हुक नकार देईल तेव्हा? पहिली दोन एसव्हीएनवर गेलेली, बाकीची लटकलेली. गिटवाल्याला वाटतं पुश एकसंध असतो, तुमच्याही पद्धतीत तो तुटतोच.

मृणाल:
तुटतो, मान्य. एसव्हीएनमध्ये प्रत्येक रिव्हिजन स्वतंत्र आहे, त्याला इलाज नाही. गेलेली दोन मास्टरवर पुश करा, उरलेली चार नव्या पायावर रिबेस करून त्याच आवक शाखेत परत ठेवा आणि मालकाला हुकचा संदेश जसाच्या तसा पाठवा. हे टाळायचं असेल तर पुलावर डीकमिटआधी शाखा स्क्वॉश करून एकच कमिट करा. इतिहासातले बारकावे जातात, पण अर्धवट काही चढत नाही.

अन्वर:
स्क्वॉश केलं की सहा कमिटांत तीन जणांची नावं असतील तर दोघांची जातात. स्क्रिप्टने सहाही कमिटांचे लेखक गोळा करून संदेशात को-ऑथर्ड-बायच्या ओळी घातल्याशिवाय स्क्वॉश चालू करू नका.

केदार:
स्क्वॉश मी पर्यायी ठेवणार, सक्तीचं नाही. पोस्ट आज रात्री बदलतो. मराठी नावांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

रेवा:
मत राहू द्या, पण क्रॉनटॅबमधली एलसी_ऑलची ओळ पोस्टमध्ये घाला. ज्यांच्याकडे नावं आधीच मराठी आहेत त्यांचा पूल त्याशिवाय सुरूच होणार नाही.