थायरॉइड, लोह, कॅल्शियम: गोळ्यांच्या वेळा कशा जमवायच्या?

पाचवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी सुरू केली. कॅल्शियमच्या ५०० मिग्रॅच्या दोन आहेत. थायरॉइडची आधीपासूनच सकाळी उपाशीपोटी घेते. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, आणि थायरॉइडनंतर दोन्हींना चार तास थांबायचं, एवढं कळलंय. पण वेळापत्रक मांडायला बसले की गणित सुटत नाही. त्यात रिकाम्या पोटी लोह घेतलं की मळमळतं. आणि सकाळचा चहा सुटणार नाही, आधीच सांगते!

शिवाय नणंदेने तिची उरलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली दिलीय. त्यावर 'व्हिटॅमिन ए (रेटिनिल पामिटेट)' असं आहे. घेऊ का? शौचालाही काळं होतंय, ते कशामुळे?

प्रतिसाद १
मलाही थायरॉइड होता, त्यामुळे हा घोळ ओळखीचा आहे. उठल्यावर थायरॉइड, मग तासभराने चहा. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर एकेक. दोन्ही एकदम नको, एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर गेलं की शोषण कमी होतं. लोह संध्याकाळी, दोन्ही बाजूंना दोनेक तास सोडून, लिंबूपाण्याबरोबर. क जीवनसत्त्वाने ते चांगलं शोषलं जातं. दूध, चहा, कॉफीने अडतं. म्हणजे सकाळचा चहा वाचला, संध्याकाळचा गेला. मळमळत असेल तर दोन घास खाऊन घे. शोषण थोडं कमी होईल, पण उलटून पडण्यापेक्षा बरं.

बाटली नणंदेला परत कर. त्यावरचं रेटिनिल पामिटेट म्हणजे रेटिनॉल प्रकारचं ए जीवनसत्त्व, आणि ते जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाऊच नये. फळं-भाज्यांतल्या बीटा कॅरोटिनची (ज्यापासून शरीर स्वतः ए जीवनसत्त्व बनवतं) तशी भीती नाही. पण दुसऱ्याची उरलेली औषधं मुळात घ्यायचीच कशाला?

प्रतिसाद २
काळं लोहामुळेच होतं, घाबरू नकोस. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वासाचं असेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच दाखव. गोळीवरचा आकडाही नीट वाच: फेरस फ्युमरेट (गोळीतला लोहाचा क्षार) २०० मिग्रॅमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिग्रॅच असतं. त्यामुळे दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नकोस.

मूळ प्रश्नकर्ती
दोघींचे आभार! लोह रात्री घेतलं तर संध्याकाळचा चहा वाचेल का? आमचं जेवण आठला होतं.

प्रतिसाद १
वाचेल की. मग दुसरं कॅल्शियम संध्याकाळच्या खाण्याबरोबर घे, चहाच्या दुधाचाही प्रश्न मिटला. लोह दहाच्या सुमारास, भरपूर पाण्याबरोबर. घेऊन लगेच आडवी होऊ नकोस, छातीत जळजळतं. हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी तपासायचं तेही विचार. गरोदरपणात थायरॉइडचा डोस बरेचदा वाढवावा लागतो.